रेषेची कच्ची वही आणि पक्की वही

दिवाळी अंक घरात आला की तो आधी पाहिला जातो आणि मग वाचला जातो. आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येक जण पाने उलटत जातो, एखाद्या व्यंगचित्रापाशी थबकतो, हसतो, शेजारच्याला दाखवतो आणि पुढच्या पानाकडे वळतो. या साऱ्या व्यवहाराला जेमतेम दहा सेकंद लागतात. या दहा सेकंदांच्या आनंदामागे एखाद्या कलावंताचा अख्खा दिवस, क्वचित आठवडाही खर्ची पडलेला असतो, हे मात्र सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

आपण व्यापारी कुटुंबांतील माणसे. कापड बोटांत धरून त्याचा पोत सांगणे, धान्याची मूठ उचलून प्रत ओळखणे, हे आपल्याला वारशाने मिळालेले ज्ञान आहे. परंतु चित्रासमोर आले की आपली ही पारख थिटी पडते. "चार रेघा तर मारायच्या आहेत," असे आपण सहज म्हणून जातो. आणि हल्ली तर "आता सगळे संगणकच करतो," अशी पुस्तीही जोडतो. या दोन्ही वाक्यांत कितपत तथ्य आहे, हे तपासून पाहण्यासाठी हा लेख आहे. त्यासाठी एक व्यंगचित्र जन्मापासून छपाईपर्यंत कोणकोणत्या हातांतून आणि अवस्थांतून जाते, ते क्रमाने पाहू.

कल्पना : न दिसणारे भांडवल

हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर व्यंगचित्राचे पहिले भांडवल म्हणजे कल्पना, आणि ते भांडवल रोज नव्याने उभे करावे लागते. कालच्या कल्पनेची शिल्लक आज पुढे ओढता येत नाही.

आर. के. लक्ष्मण यांचे उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. १९२१ मध्ये म्हैसूर येथे जन्मलेल्या या कलावंताला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने प्रवेश नाकारला होता. पुढे 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये काही काळ काम केल्यावर ते 'टाइम्स ऑफ इंडिया'त दाखल झाले आणि १९५१ पासून पहिल्या पानावरील त्यांचे छोटे चौकटचित्र हा लाखो वाचकांच्या सकाळचा भाग बनला. सकाळी वर्तमानपत्रे बारकाईने वाचावीत, कार्यालयात येऊन तासन्‌तास विचार करीत बसावे आणि कल्पना नेमकी गवसल्यावरच कुंचला उचलावा, असा त्यांचा परिपाठ होता. प्रत्यक्ष रेखाटनाचा वेळ हा दिवसातील सर्वांत लहान भाग असे.

त्यांचा 'कॉमन मॅन' कसा जन्मला, ही हकीकत फार बोधप्रद आहे. आरंभी ते चित्रात भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील माणसे काढीत: बंगाली, तमिळ, पंजाबी अशी गर्दीच. परंतु दैनिकाची वेळ कोणासाठी थांबत नाही. वेळेच्या रेट्याखाली एकेक माणूस गळत गेला आणि शेवटी उरला तो चौकड्यांचा कोट, धोतर आणि चष्मा घातलेला, तोंडातून चकार शब्द न काढणारा एकच गृहस्थ. अनेकांना वगळल्यानंतर उरलेला तो एकटा साऱ्या देशाचा प्रतिनिधी ठरला. आपल्या संपूर्ण विषयाचे सार या हकीकतीत आहे. व्यंगचित्रकाराचे खरे कसब काय काढावे यापेक्षा काय काढून टाकावे, हे ठरवण्यात आहे.

दुसरे उदाहरण शि. द. फडणीस यांचे. १९२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी जन्मलेल्या फडणीसांनी मराठी घरांत शब्दविरहित हास्यचित्र रुजवले. १९५२ च्या 'मोहिनी' दिवाळी अंकाचे त्यांचे मुखपृष्ठ आजही सांगितले जाते. बसच्या थांब्यावर एक तरुण आणि एक तरुणी. तिच्या साडीवर मांजरांची नक्षी, त्याच्या सदऱ्यावर उंदरांची. चित्रात एकही शब्द नाही आणि समजावून सांगण्याची गरजही नाही. दोन परस्परविरोधी गोष्टी एका जागी आणून ठेवायच्या आणि त्यांचा संबंध वाचकाच्या मनात जुळू द्यायचा, ही हास्यचित्राची मूळ रीत आहे. हा संबंध शोधण्यासाठी लागलेला वेळ कोणत्याही देयकात वेगळा लिहिलेला नसतो.

एक उदाहरण घेऊन पाहू

पुढील अवस्था समजण्यासाठी आपल्याच जीवनातील एक विषय घेऊ. समजा, एखाद्या व्यंगचित्रकाराला दिवाळीतील वहीपूजन आणि आजचा मोबाइलद्वारे होणारा व्यवहार यांवर चित्र काढायचे आहे.

पहिली कल्पना सुचते: कोपऱ्यात पडलेली जुनी लाल वही अश्रू ढाळते आहे. ही कल्पना भावुक आहे, तिच्यात हसू नाही. दुसरी: शेठजी पैसे जमा झाल्याची घोषणा करणाऱ्या यंत्राला हार घालीत आहेत. हे दृश्य तर आज कित्येक दुकानांत प्रत्यक्ष दिसते; जे आहे तेच काढले तर ती नोंद होईल, व्यंगचित्र नव्हे. तिसरी: वहीबरोबर गल्ल्यावरच्या क्यूआर कोडच्या पाटीचीही पूजा झाली आहे, तिच्यावर श्रद्धेने कुंकवाचे टिळे लावले आहेत, आणि समोरचा ग्राहक मोबाइल वाकडा-तिकडा धरून दमला आहे, कारण कोड वाचलाच जात नाही.

येथे चित्र सापडले. श्रद्धेने केलेली कृतीच जमेच्या आड आली आहे. कोणाची कुचेष्टा नाही, कोणत्या श्रद्धेचा उपमर्द नाही, आणि तरीही पाहणारा स्वतःला ओळखून हसेल.

परंतु जबाबदार व्यंगचित्रकार येथे थांबून एक शंका उपस्थित करतो: कुंकू लागले म्हणून कोड खरोखरच वाचला जाणार नाही का? वस्तुस्थिती अशी की, या चौकोनी संकेताची रचना करतानाच त्याचा काही भाग झाकला किंवा खराब झाला तरी तो वाचता यावा, अशी तजवीज केलेली असते. सर्वांत वरच्या पातळीवर तर सुमारे ३० टक्के भागाची हानी झाली तरी मजकूर मिळू शकतो. म्हणजे मधोमध लावलेला एक लहानसा टिळा बहुधा आड येणार नाही. मात्र त्या संकेताच्या तीन कोपऱ्यांत जे तीन मोठे चौकोन असतात, त्यांच्या आधारे मोबाइलला कोड कुठे आहे हे कळते. ते झाकले गेले की वाचन अडते. मग चित्रकार ठरवतो की टिळे त्या तीन कोपऱ्यांवरच असावेत. पूजा करणारा हातही स्वाभाविकपणे कोपऱ्यांनाच टिळे लावतो! चित्र आता अधिक खरे झाले आणि अधिक गमतीचेही. अतिशयोक्तीचा पाया सत्याचा असावा लागतो, तो असा.

पेन्सिल : कच्ची वही

कल्पना ठरल्यावर पेन्सिल हाती येते. जुन्या पेढ्यांत दिवसभराचे व्यवहार आधी कच्च्या वहीत टिपले जात आणि मग पक्क्या वहीत चढवले जात, तसाच हा प्रकार आहे. कच्च्या वहीत खाडाखोड झाली तर कोणी नावे ठेवीत नाही. ती खाडाखोडीसाठीच असते.

प्रथम टपाल-तिकिटाएवढी अगदी छोटी रेखाटने होतात. एकाच कल्पनेची सहा-आठ. त्यांत चेहरे नसतात, बोटे नसतात. केवळ आकारांची मांडणी असते. गल्ला कुठे, ग्राहक कुठे, प्रकाश कुठून. या तिकिटाएवढ्या आकारात जे चित्र समजत नाही ते मोठे केल्यावरही समजत नाही, असा अनुभव आहे.

मांडणी करताना वाचनाची दिशा विचारात घ्यावी लागते. आपली देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे नजरही चित्रात बहुधा डावीकडून शिरते. म्हणून कारण डावीकडे आणि परिणाम उजवीकडे ठेवणे सोयीचे असते. आपल्या उदाहरणात डावीकडे हात जोडून प्रसन्न मुद्रेने बसलेले शेठजी, मध्यभागी कुंकवाने मढलेली पाटी आणि उजवीकडे घामाघूम ग्राहक. हाच क्रम उलटा केला तर वाचकाला आधी ग्राहकाची अडचण दिसेल आणि कारण मागाहून कळेल. विनोदाचा नेम थोडा हुकेल.

मग वगळण्याचे काम सुरू होते. पहिल्या रेखाटनात दुकानात मुनीमजी आहेत, दोन नातवंडे आहेत, भिंतीवर घड्याळ आहे, मांडणीवर डबे आहेत, दाराला तोरण आहे. यांतील कोणती वस्तू काढून टाकली तर विनोद अडेल? मुनीमजी गेले तरी चालेल. घड्याळ आणि डबेही गेले. तोरण मात्र राहिले पाहिजे, कारण ते गेले तर दिवाळी कळणार नाही. एक नातू राहिला. तो तर्जनीला कुंकू लावून आता ग्राहकाच्या मोबाइलकडे पाहतो आहे. पुढचा टिळा कुठे लागणार, हे वाचक ओळखतो. असे एक पात्र गर्दीतून उरते आणि चित्राला दुसरे हसू देऊन जाते.

यानंतर ठरलेल्या मापाच्या कागदावर सविस्तर पेन्सिलचित्र होते. त्यासाठी बहुतेक जण कठीण शिशाची, फिकी उमटणारी पेन्सिल पसंत करतात. मऊ आणि काळी पेन्सिल हाताखाली पसरते. काही चित्रकार फिक्या निळ्या पेन्सिलीने काम करतात. त्यामागे छपाईचा जुना अनुभव आहे: ठसे तयार करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कॅमेऱ्याला फिका निळा रंग दिसत नसे, त्यामुळे शाई चढवल्यावर पेन्सिलीच्या रेषा खोडत बसावे लागत नसे. कॅमेरे गेले, तरी कित्येकांच्या हाताला ती सवय राहिली.

शाई : पक्की नोंद

पेन्सिलीवर शाई चढवणे म्हणजे केवळ गिरवणे, अशी समजूत असते. ती चुकीची आहे. पेन्सिलीत एका जागी चार-पाच शक्यतांच्या रेषा असतात. शाईला त्यांतील एकच निवडायची असते. ही पक्क्या वहीतील नोंद असते.

येथेच प्रत्येकाचे हस्ताक्षर दिसू लागते. लक्ष्मण कुंचला आणि काळी शाई वापरीत. कुंचल्याच्या टोकावर दाब वाढला की रेषा रुंदावते, कमी झाला की केसासारखी बारीक होते. त्यामुळे त्यांच्या रेषेत एक वेग जाणवतो. फडणीसांची रेषा याउलट शांत, नेटकी आणि स्वच्छ. आकार रेखीव आणि रंग सपाट. त्यांनी प्राथमिक शाळेच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठी चित्रे काढली, तेव्हा याच स्वच्छ रेषेने रुक्ष वाटणारी बेरीज-वजाबाकी मुलांच्या ओळखीची केली. दोन्ही कलावंत श्रेष्ठ; परंतु त्यांच्या रेषेची अदलाबदल करता येणार नाही.

शाईच्या जमान्यात चूक महाग पडे. लहान चूक पांढऱ्या रंगाने झाकता येई. मोठी झाली तर नवा कागद. चित्र पूर्ण झाल्यावर ते ठसे बनवणाऱ्याकडे जाई. तो त्याचे छायाचित्र घेऊन जस्ताच्या पत्र्यावर उतरवी, आम्लाने कोरी आणि असा ब्लॉक खिळ्यांच्या जुळणीबरोबर छपाईला चढे. फार बारीक रेषा कोरताना तुटत, फार जवळच्या रेषांमध्ये शाई भरून काळा डाग पडे. म्हणून त्या काळच्या चित्रकाराला आपली रेषा छापखान्याच्या कुवतीप्रमाणे बेतावी लागे. साधन कलेला कसे वळण लावते, त्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

संगणक : शेवटचा टप्पा

आता संगणकाकडे येऊ. आजही अनेक व्यंगचित्रकार पेन्सिल आणि शाईपर्यंतचे काम कागदावर करतात आणि तेथून पुढे संगणकावर जातात. काही जण पेन्सिल कागदावर करून शाई संगणकावर चढवतात. आणि नव्या पिढीतील पुष्कळ जण सगळेच काम चित्रफलकावर, म्हणजे दाब ओळखणाऱ्या लेखणीने, करतात. तिन्ही पद्धतींत पुढील पायऱ्या साधारण सारख्याच आहेत.

कागदावरील चित्र प्रथम स्कॅन केले जाते. काळ्या-पांढऱ्या रेषाचित्रासाठी एका इंचात ६०० ठिपके घेण्याचा प्रघात आहे, जेणेकरून रेषेच्या कडा छपाईत दातेरी दिसू नयेत. मग कागदाचा मळकट पांढरा रंग शुद्ध पांढरा आणि शाईचा करडा काळा गडद काळा केला जातो. धूळ, बोटांचे ठसे, खोडरबराचे अवशेष एकेक करून पुसले जातात. हे काम झाडलोटीसारखे आहे: झाले तर कोणाच्या लक्षात येत नाही, राहिले तर सर्वांना दिसते.

नंतर स्तरांचे काम. पारदर्शक काचांची चळत एकावर एक ठेवली आहे, अशी कल्पना करा. सर्वांत वरच्या काचेवर केवळ रेषा. तिच्या खालच्या काचेवर सावल्या, त्याखाली सपाट रंग, तळाशी पार्श्वभूमी. शेठजींच्या पगडीचा रंग बदलायचा असेल तर रेषेला धक्का न लावता तेवढीच काच बदलता येते. शाईच्या जमान्यात याच बदलासाठी सारे चित्र पुन्हा करावे लागले असते. संगणकाने दिलेली ही सर्वांत मोठी सवलत आहे.

रंग देतानाही वगळण्याचा नियम कायम राहतो. आपल्या चित्रात कुंकवाचा लाल रंग महत्त्वाचा. म्हणून शेठजींची पगडी लाल नको, गादीचा तक्क्या लाल नको, ग्राहकाचा सदराही नको. सगळीकडे फिके, शांत रंग आणि लाल केवळ पाटीवर व नातवाच्या बोटावर. मग वाचकाची नजर आपोआप तेथे जाते. संगणक लाखो रंग उपलब्ध करून देतो, परंतु त्यांतील बहुतेक नाकारण्याची बुद्धी त्याच्यापाशी नाही.

शेवटी छपाईची तयारी. पडद्यावरील रंग प्रकाशाचे असतात, कागदावरील शाईचे. पडद्यावर झगमगणारा निळा किंवा हिरवा रंग छापल्यावर मंद दिसतो. म्हणून छपाईच्या चार शायांच्या हिशेबाने रंग आधीच तपासावे लागतात. काळी रेषा शक्यतो एकट्या काळ्या शाईची ठेवतात. ती चार शायांच्या मिश्रणाची असली आणि यंत्रावर कागद किंचित सरकला, तर रेषेच्या कडेला रंगीत झालर दिसते. पान कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून चित्र चहूबाजूंनी सुमारे ३ मिलिमीटर जास्त ठेवले जाते. इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने ए-४ आकाराच्या पूर्ण पानासाठी २४८० गुणिले ३५०८ ठिपक्यांचे चित्र लागते. मोबाइलवरून संदेशात आलेले चित्र छापखान्यात दिले की धूसर का येते, याचे उत्तर या आकड्यांत आहे: पाठवताना ते आक्रसून लहान केलेले असते.

नफा-तोट्याचा ताळेबंद

संगणकामुळे काय साधले आणि काय गमावले, याचा निष्पक्ष ताळेबंद मांडला पाहिजे.

जमेच्या बाजूला: दुरुस्ती सोपी झाली, रंगकाम जलद झाले, ब्लॉक करण्याचा खर्च आणि वेळ वाचला. पुण्यात काढलेले चित्र काही मिनिटांत दुसऱ्या खंडातील संपादकाकडे पोहोचते. हाताला कंप आलेल्या वयोवृद्ध कलावंताला चित्र मोठे करून काम करता येते, ही सोयही लहान नाही.

नावे बाजूला: चूक मागे घेण्याची सोय इतकी सुलभ झाली की निर्णय पुढे ढकलण्याची सवय लागू शकते. शाई एकदाच उमटणार हे ठाऊक असले की हात सावध असतो. आणि सर्वांत मोठी उणीव अशी, की संपूर्ण चित्रफलकावर केलेल्या चित्राची मूळ प्रत अशी काही उरतच नाही. कागदावरील मूळ चित्र भिंतीवर लावता येते, विकता येते, वारसांकडे जाते. संगणकातील फाइलच्या हजार प्रती सारख्याच. त्यांतील मूळ कोणती?

अलीकडे यंत्राला चार शब्द सांगून काही क्षणांत चित्र मिळवण्याची सोयही आली आहे. तिचा उपयोग होईलच. परंतु आपल्या उदाहरणाकडे पुन्हा पाहा. अश्रू ढाळणारी वही नको, हार घातलेले यंत्र नको, टिळे तीन कोपऱ्यांवरच हवेत, मुनीमजी नकोत, नातू हवा, लाल रंग इतरत्र नको. या सहा निर्णयांतच ते चित्र आहे. हे निर्णय ज्याने घेतले तो चित्रकार. मग हातात पेन्सिल असो वा यंत्र. आणि हे सारे निर्णय संगणक सुरू होण्यापूर्वी, कच्च्या वहीत किंवा कच्च्या वहीच्या आधारे झालेले आहेत.

आपला व्यवहार कसा असावा

माझी नोकरी बँकेत, कर्जविभागात गेली. एकदा एका तरुण चित्रकाराने संगणक व चित्रफलक घेण्यासाठी अर्ज केला होता. छापील अर्जात शिल्लक माल, यंत्रसामग्री, येणे बाकी असे रकाने होते. शिल्लक मालाच्या रकान्यात त्याने आडवी रेघ मारली होती आणि अर्जासोबत रेखाटनांच्या तीन वह्या जोडल्या होत्या. खरे तर त्याचा माल त्या वह्यांत होता. परंतु त्याची नोंद करायला कोणत्याही अर्जात रकाना नव्हता. कर्ज शेवटी त्याच्या वडिलांच्या हमीवर मंजूर झाले. त्या तीन वह्यांची किंमत कागदोपत्री शून्यच राहिली.

हा रकाना आपल्या मनात तरी असावा. चित्राची किंमत ते काढायला लागलेल्या अर्ध्या तासावरून करू नये. वैद्याने नाडीवर बोट ठेवून दोन मिनिटांत निदान केले, तरी आपण दोन मिनिटांचे पैसे देत नाही. त्यामागील वर्षांचे देतो. व्यापाराच्या दृष्टीनेही हा खर्च वाया जात नाही. १९६६ मध्ये सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्या जाहिरातमोहिमेसाठी युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या झग्यातील अमूलची मुलगी रेखाटली. निळे केस, गोबरे गाल; नाक तर जवळजवळ वगळलेलेच. लोण्याच्या त्या जाहिरातीची निर्मिती करणारे हात बदलले, साधने बदलली, पण ती मुलगी आज जवळजवळ साठ वर्षे त्या व्यवसायाची ओळख होऊन उभी आहे.

दुकानाच्या जाहिरातीसाठी, लग्नपत्रिकेसाठी किंवा दिवाळीच्या शुभेच्छापत्रासाठी चित्र करून घेताना काही गोष्टी लेखी ठरवाव्यात: चित्र कोठे आणि किती काळ वापरणार, किती दुरुस्त्या मोबदल्यात धरलेल्या आहेत, आणि कच्च्या रेखाटनानंतर काम थांबवले तर किती रक्कम द्यावयाची. कच्च्या रेखाटनापर्यंत निम्म्याहून अधिक बौद्धिक काम झालेले असते, हे आपण वर पाहिलेच. दुरुस्ती सांगायची असेल तर ती याच अवस्थेत सांगावी. रंग झाल्यावर "आता ग्राहकाला डावीकडे बसवा" असे म्हणणे म्हणजे माळा चढल्यावर पाया हलवायला सांगणे होय.

दुसरी गोष्ट मोबाइलवरील चित्रांची. कोणाचे तरी चित्र उचलावे, कोपऱ्यातील सही कापावी आणि तेथे आपल्या पेढीचे नाव टाकून शुभेच्छा पाठवाव्यात, हा प्रकार सर्रास चालतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरील हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. चित्र आपले आहे असे सांगण्याचा कलावंताचा अधिकारही कायद्याने मान्य केला आहे. पण कायद्याचा विचार बाजूला ठेवला तरी, न दिलेली वस्तू घेऊ नये हे आपल्याला घरात शिकवले गेले आहे. त्या शिकवणीत चित्राचा अपवाद केलेला नाही.

शेवटची गोष्ट घरातील मुलांची. आपल्या कुटुंबांत एखादा मुलगा किंवा मुलगी गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर माणसे काढताना दिसते. त्याला लगेच महागडा चित्रफलक घेऊन देण्याचे कारण नाही आणि वही हिसकावून घेण्याचेही नाही. साध्या कागदाची वही, दोन पेन्सिली आणि दुकानात एका कोपऱ्यात बसून माणसे पाहण्याची मुभा एवढे आरंभी पुरेसे आहे. दुकानासारखी माणसे पाहण्याची जागा दुसरी नाही: घासाघीस करणारे, उधारी टाळणारे, मापाकडे डोळे लावून उभे असणारे. जे. जे. सारख्या संस्थेने ज्याला दार बंद केले, तो पुढे देशाचा व्यंगचित्रकार झाला. म्हणून एखाद्याच्या पहिल्या नकारावरून निकाल देण्याची घाई आपणही करू नये.

आणि ती वही भरली की रद्दीत टाकू नका. वरच्या कोपऱ्यात तारीख घाला आणि हिशेबाच्या जुन्या वह्या ठेवता त्या कपाटात ठेवा. संगणक दर काही वर्षांनी बदलेल, फाइली उघडेनाशा होतील. पेन्सिलीने भरलेली वही मात्र पन्नास वर्षांनीही कोणत्याही यंत्राशिवाय वाचता येते.